सराव पक्का असूनही ऐन वेळी कामगिरी का ढासळते?

ठाण्यात समुपदेशन करताना पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची एक तक्रार मी वारंवार ऐकते. सरावात सहज जमते ते भरतीच्या दिवशी जमत नाही, तेव्हा खोट आपल्यातच असली पाहिजे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. कळव्याच्या एका तरुणीच्या अनुभवातून या शंकेचे उत्तर देते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

महिला उमेदवारांना आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक अशी ५० गुणांची मैदानी चाचणी द्यावी लागते आणि त्यातून निवड झाल्यास १०० गुणांची लेखी परीक्षा असते. आधीच्या भरतीत आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत तिला धाप लागली, पाय उचलेनासे झाले आणि ती कशीबशी लेखीपर्यंत पोहोचली. तेथे अंकगणिताची नेहमीची उदाहरणेही तिला सुटली नाहीत. "मॅडम, तेच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होते, पण डोक्यात काही शिरतच नव्हतं," असे ती म्हणाली. सोबत आलेल्या आईचे म्हणणे होते की पोरीने मन घट्ट करायला हवे.

धाप आणि धडधड रक्तक्षयामुळे किंवा थायरॉइडच्या विकारामुळेही होऊ शकते, म्हणून प्रथम तिला डॉक्टरांकडे पाठवून तपासण्या करून घेतल्या. त्या व्यवस्थित आल्यानंतर मी तिला तो दिवस क्रमाने सांगायला लावला. तेव्हा तिच्या स्वतःच्याही लक्षात न आलेली एक गोष्ट पुढे आली, ती अशी की त्याच दिवशी, तितकीच घाबरलेली असताना, शंभर मीटरमधील तिची वेळ सरावापेक्षा चांगली होती.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. चिंता वाटू लागली की शरीरात अॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, मोठ्या स्नायूंकडे अधिक रक्त जाते, पचन मंदावते आणि तळहात गार पडतात. शंभर मीटरसारख्या काही सेकंदांच्या, विचार करावा न लागणाऱ्या कामाला ही तयारी पोषक ठरते. आठशे मीटरमध्ये मात्र वेग राखून ठेवावा लागतो. तिने पहिली फेरी जवळजवळ शंभर मीटरच्या वेगाने काढली होती, खांदे ताठ होते, श्वास वरच्या वर आणि भराभर चालला होता, त्यामुळे दुसऱ्या फेरीसाठी ताकद उरली नाही. लेखी परीक्षेत तर याहून वेगळे घडते. उदाहरण सोडवताना आकडे आणि पायऱ्या काही क्षण मनात धरून ठेवाव्या लागतात आणि ही जागा फार थोडी असते. 'वेळ संपत आली, या वेळीही राहिलं तर' हे विचार तीच जागा अडवतात, म्हणून येत असलेले उत्तरही हाताशी लागत नाही.

रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की काम सोपे असेल तर तीव्र उत्तेजनाने शिकणे वेगाने होते, पण काम अवघड असेल तर मध्यम उत्तेजनच उपयोगी पडते. माणसाचे व्यवहार अधिक गुंतागुंतीचे असले, तरी एकाच मुलीचे एकाच भरतीतले तीन वेगळे निकाल समजून घ्यायला हे सूत्र पुरेसे आहे. 'मन घट्ट कर' हा सल्ला मला पटत नाही तो याचमुळे. धडधड दाबण्याच्या खटाटोपात लक्ष पुन्हा धडधडीकडेच जाते आणि मूळ कामासाठी ते आणखी कमी उरते.

आम्ही प्रत्येक प्रसंगासाठी वेगळा विचार केला. शंभर मीटरपूर्वी धडधड होऊ द्यायची, तिला अडवायचे नाही. आठशे मीटरसाठी पहिल्या फेरीची वेळ प्रशिक्षकांकडून ठरवून घेतली आणि सुरुवातीच्या रेषेवर उभे राहण्याआधी काही मिनिटे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देण्याचा सराव केला, कारण सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. लेखीच्या सरावात अडलेले उदाहरण खूण करून सोडायचे आणि पायऱ्या मनात न ठेवता कच्च्या कामाच्या जागेत लिहायच्या, अशी सवय लावली.

सर्वांत अधिक वेळ आम्ही दिला तो दडपणाखालच्या सरावाला. राऊल आउडेयान्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उलट गोळ्या झाडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर नेमबाजीचा सराव केलेल्या पोलिसांचा नेम पुढे दडपणाखालीही टिकून राहिला, तर पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सराव केलेल्यांचा घसरला. त्या अभ्यासातील गोळ्या अर्थातच रंगीत साबणाच्या होत्या. आमच्या मुलीने आठवड्यातून एकदा पहाटे, छातीवर क्रमांक लावून, अनोळखी मुलींच्या गटात, शिट्टीवर आणि एकच संधी आहे असे ठरवून धावायला सुरुवात केली. पहिल्या काही वेळा तिची वेळ घसरली, ती रडलीही, पण त्याच घाबरलेल्या अवस्थेत वेग कसा धरून ठेवायचा हे तिला हळूहळू उमगत गेले.

पुढच्या भरतीत आठशे मीटरची तिची वेळ सरावाच्या वेळेच्या जवळ राहिली. लेखीत सुरुवातीची काही मिनिटे पुन्हा तशीच गेली. मग तिने अडलेले उदाहरण खूण करून सोडले, पुढचे घेतले आणि पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून ती बाहेर आली. निवड यादीत या वेळीही तिचे नाव थोडक्या गुणांनी राहिले आणि ती आता पुढच्या भरतीची तयारी करते आहे. आईने मात्र एक बदल आपणहून केला आहे. चाचणीच्या आदल्या रात्री ती मुलीला धीराच्या गोष्टी सांगत बसत नाही. पहाटे किती वाजता निघायचे आणि सोबत कोण येणार, एवढेच ठरवून दिवा मालवते.