डाउन म्हणजे प्लस, अप म्हणजे मायनस

प्रश्न : ताई, मी अकरावी सायन्सला आहे. क्लासमध्ये सांगितलं की ॲक्सिलरेशन निगेटिव्ह आलं की समजायचं वस्तू स्लो होतेय. पण खाली पडणाऱ्या बॉलच्या गणितात ॲक्सिलरेशन मायनस ९.८ घेतात आणि बॉल तर फास्ट होत जातो! मग खरं काय? आणि वर फेकलेला बॉल टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा ॲक्सिलरेशन झिरो का नाही धरायचं?
*एक विद्यार्थी, विक्रोळी*

उत्तर : बॉलचं खरं आहे रे. क्लासमधलं वाक्य अर्धंच आहे, आणि ते अर्धं वाक्य पाठ करून पोरं मार्क घालवतात म्हणून मला ते अजिबात आवडत नाही.

मायनस फक्त दिशा सांगतो, एवढं आधी डोक्यात पक्कं कर. तू विक्रोळीचा, म्हणजे अप-डाउन तुला सांगायला नको. कल्याणकडे जाते ती डाउन, सीएसएमटीकडे येते ती अप. आपण डाउन दिशा प्लस धरू, अप दिशा मायनस. (उलट धरलीस तरी चालेल, फक्त एकदा धरली की गणित संपेपर्यंत बदलायची नाही.)

आता एक अप स्लो लोकल घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मला येतेय, समजा ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. अप आहे म्हणून तिचा वेग मायनस १५. मोटरमनने ब्रेक लावला आणि गाडी २० सेकंदात थांबली. त्वरण (तुझं ॲक्सिलरेशन) म्हणजे वेगातला बदल भागिले वेळ. शेवटचा वेग शून्य, त्यातून मायनस १५ वजा केले की प्लस १५, भागिले २०, म्हणजे प्लस ०.७५. बघ, गाडी स्लो होतेय आणि त्वरण प्लस आहे! तीच गाडी परत सुटून विद्याविहारकडे स्पीड घेते तेव्हा वेग शून्यावरून मायनसमध्ये जातो, म्हणजे त्वरण मायनस, आणि गाडी फास्ट होतेय. वेग आणि वेळेचा ग्राफ काढलास तर ब्रेकच्या वेळची रेघ मायनस १५ वरून शून्याकडे वर चढताना दिसेल, तो चढ म्हणजेच प्लस त्वरण.

हे कागदावर पटलं नाही तर गाडीत उभं राहून हाताला विचार. अप गाडीत ब्रेक लागला की तू सीएसएमटीच्या बाजूला झुकतोस आणि हँडल तुला धरून मागे, कल्याणच्या बाजूला ओढतं, ते मनगटात चांगलं जाणवतं. हँडल ज्या बाजूला ओढतं तीच त्या क्षणी त्वरणाची दिशा, म्हणजे डाउन, म्हणजे प्लस. मला स्वतःला हे असंच उभ्याने प्रवास करताना एकदम लख्ख कळलं होतं, वहीत नाही.

म्हणून लक्षात ठेवायचं ते हे : वेग आणि त्वरण दोघांचं चिन्ह सारखं असेल तर वस्तू फास्ट होते, उलटं असेल तर स्लो होते. वर ही प्लस दिशा धरली तर पडणाऱ्या बॉलचा वेगही मायनस आणि त्वरणही मायनस, मग तो फास्ट होणारच ना.

आता टोकाचं. बॉल सेकंदाला ९.८ मीटरने सरळ वर फेकला (हवेचा अडथळा सोडून देऊ) तर १ सेकंदाने तो ४.९ मीटरवर टोकाला असतो, वेग शून्य. आणि २ सेकंदांनी तुझ्या हातात परत, वेग मायनस ९.८. म्हणजे वर जाताना सेकंदात वेग ९.८ ने कमी झाला आणि खाली येताना पण तेवढाच कमी झाला, त्वरण सगळा वेळ मायनस ९.८ च. टोकाला ते पण शून्य झालं असतं तर वेग शून्याचा शून्यच राहिला असता आणि बॉल तिथेच लटकला असता. पृथ्वी काय टोकाला ओढायची थांबते का? परीक्षेत टोकाला वेग शून्य लिही आणि त्वरणाला हात लावू नकोस.

प्रश्न : ऑफिस घरापासून २० किलोमीटर. सकाळी स्कूटरने ताशी ४० ने पोहोचतो, संध्याकाळी ट्रॅफिकमुळे ताशी २० ने परत. सरासरी ३० ना? मुलगी म्हणते चुकलं.
*एक वाचक, मुलुंड*

उत्तर : मुलगी बरोबर आहे. जायला अर्धा तास, यायला एक तास. एकूण ४० किलोमीटर दीड तासात, म्हणजे ताशी साधारण २६.७. हळू स्पीडने तुम्ही जास्त वेळ चालवता ना, म्हणून सरासरी तिकडे झुकते. आणि तिला विचारा सरासरी वेग किती, चाल नाही, वेग. चाल म्हणजे कापलेलं अंतर भागिले वेळ, वेग म्हणजे विस्थापन (सुरुवातीपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर) भागिले वेळ. निघालात घरातून, आलात घरात, विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग पण शून्य! नववीच्या पुस्तकात चाल आणि वेग हे दोन वेगळे शब्द दिलेत ते याचसाठी.

प्रश्न : मी नववीत आहे. गतीवर प्रोजेक्ट करायचंय, पण चाळीत राहतो, जागा कमी आणि महागडं काही आणायचं नाहीये.
*एक विद्यार्थिनी, परळ*

उत्तर : अगं चाळीत राहतेस म्हणजे गॅलरी आहे, अजून काय पाहिजे! गॅलिलिओचा प्रयोग कर. मोकळा पडणारा गोळा इतका पटकन खाली येतो की त्या काळच्या साधनांनी वेळ मोजणं कठीण होतं, म्हणून त्याने लाकडात गुळगुळीत चर करून तो तिरका ठेवला, त्यातून ब्राँझचा गोळा सोडला आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी वजन केलं. १६३८ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं लिहिलंय.

तुला पाणी नको. वायर झाकायला इलेक्ट्रिशियन वापरतात ती पीव्हीसीची पट्टी आण, दोन मीटरच्या आसपास लांब, झाकण काढून टाक, गोटी आत आरामात घरंगळली पाहिजे. वरच्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटीमीटरवर तळाला आडवा दोरा सेलोटेपने चिकटव. ते टोक दोन-तीन जाड पुस्तकांवर ठेव. गॅलरीला पाणी जायला उतार असतो, तो कुठल्या बाजूला आहे ते आधी थोडं पाणी सांडून बघ आणि पट्टी त्या बाजूला कलणार नाही अशी ठेव, नाहीतर गोटी पट्टीच्या एका भिंतीला घासत जाईल. गोटी वरच्या टोकाला फूटपट्टीने अडवून धर, धक्का न देता सोड आणि डोळे मिटून ऐक : सोडल्यापासून टक, टक, टक, टक, सगळे सारख्या अंतराने येतात. दोऱ्यांमधलं अंतर मात्र १०, ३०, ५०, ७० असं वाढत गेलंय, म्हणजे १, ३, ५, ७ च्या प्रमाणात. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर नऊपट, पुस्तकातलं सूत्र तेच सांगतं.

मग सगळे दोरे काढून दर ४० सेंटीमीटरवर एकेक लाव आणि परत सोड. आता टक-टक जवळजवळ येत जातील. हे दोन्ही आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, बाईंना चार्ट दाखवायच्या आधी ते ऐकव.