संशोधकांचं टपाल : ‘गेलो’ की ‘गेले’?

लिंगभाव आणि लैंगिकता या विषयांत पीएच.डी. करणाऱ्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ‘महाराष्ट्रातील तृतीयपंथीयांचे सामाजिक जीवन : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हा माझा आराखडा ‘विषय व्यापक’ एवढाच शेरा मारून परत आला. मी २०११च्या जनगणनेचे आकडेही दिले होते. काय बदलू? (सोलापूर)

उत्तर : शेरा त्रोटक असला तरी बरोबर आहे. ‘सामाजिक जीवन’ म्हटलं की घर, पोट, देव, पोलीस, दवाखाना सगळंच आलं आणि कशालाच नीट हात लागत नाही. एकच व्यवहार धरा : डेऱ्यात, म्हणजे गुरू आणि चेले एकत्र राहतात त्या घरात, गुरू-चेल्यांमध्ये कमाईची वाटणी कशी ठरते, म्हातारपणी गुरूला कोण सांभाळतं. तुमच्या भागात यल्लम्माला वाहिलेले जोगतेही आहेत. त्यांना सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणालात तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथूनच येईल.

आता आकडा. २०११ला ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जण नोंदले गेले. देशाच्या आकड्यातली ५४,८५४ ही सहा वर्षांपर्यंतची मुलं आहेत. त्या वयात ‘इतर’ कोण ठरवतं? घरातलं मोठं माणूस. आकडा जरूर द्या, पण कुटुंबाने प्रगणकाला काय सांगितलं त्याचा तो आकडा आहे, हे तिथेच लिहा.

प्रश्न : मुलाखती मराठीत, प्रबंध इंग्रजीत. गाईड म्हणतात, ध्वनिमुद्रण ऐकत थेट इंग्रजीत उतरवून काढ, वेळ वाचेल. चालेल का? (पुणे)

उत्तर : नाही. वेळ वाचेल, पण तुमच्या विषयाचा गाभाच गळून जाईल. एकाच मुलाखतीत बोलणारी व्यक्ती म्हणते, ‘दिवाळीला गावी गेलो’, आणि पुढच्या दमात, ‘तिथून निघाले ती थेट मैत्रिणीकडे आले.’ घर आलं की ‘गेलो’, मैत्रीण आली की ‘आले’. इंग्रजीत दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. म्हणून आधी मराठीत शब्दशः उतरवा, संकेतन (मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा लावणं) मराठीवरच करा आणि प्रबंधात वापरायचे तेवढेच उतारे इंग्रजीत न्या. मूळ वाक्य खाली देवनागरीत ठेवा.

प्रत्येक क्रियापद मात्र साक्ष देत नाही. ‘मी भाकरी खाल्ली’ यात क्रियापद भाकरीच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. ‘मी जाईन’, ‘मला जायचंय’ यांतूनही काही कळत नाही. ‘आलो-आले’, ‘जातो-जाते’, ‘बसलो होतो-बसले होते’ अशी रूपंच मोजा. ‘आम्ही गेलो’ बाई-पुरुष दोघंही म्हणतात. कोणी एकट्याबद्दल बोलतानाही सतत ‘आम्ही’ वापरत असेल तर तो आडोसा असू शकतो, किंवा नुसती बोलण्याची लकब. आणखी एक खड्डा कोल्हापूरकडे आहे. तिथे कितीतरी बायका सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्याच्या कानाने ऐकलंत तर त्यात नसलेली ओळख सापडेल. त्यामुळे आधी त्या गावातल्या चारपाच जणींचं रोजचं बोलणं ऐकून घ्या.

प्रश्न विचारतानाही जपा. ‘तू कधी आलास?’ म्हटलंत की उत्तराचं लिंग तुम्हीच ठरवून टाकलंत. ‘तुम्ही कधी आलात?’ यात ती अडचण नाही. समोरून रूप येईपर्यंत ‘तुम्ही’ सोडू नका.

वेळेचा हिशेब : तासभराची मुलाखत उतरवायला ४ ते ६ तास लागतात. दीड तासाच्या २५ मुलाखती म्हणजे १५० ते २२५ तास. शेवटच्या वर्षासाठी साठवू नका, मुलाखत झाली की त्याच आठवड्यात उतरवा. कुठे हशा होता आणि कुठे गप्प बसणं, हे महिन्याभराने आठवत नाही.

प्रश्न : नैतिकता समितीला सहीचं संमतिपत्र हवं आहे, आणि मुलाखत देणारे सही करायला तयार नाहीत. (नागपूर)

उत्तर : मुलाखत देणाऱ्यांचं बरोबर आहे. त्या व्यक्तीला तुमच्या संशोधनाशी जोडणारा एकमेव कागद ती सहीच असते. साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्याची परवानगी मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत तोंडी संमतीची सोय आहे. अर्जात सही का धोक्याची, हे चार ओळींत लिहा, नुसतं ‘विषय संवेदनशील’ नको.

टोपणनावात आडनाव टाळा. ‘कांबळे’चं ‘देशपांडे’ केलंत तर नाव लपलं, पण जात बदलली आणि विश्लेषण खोटं पडलं. शिवाय ‘तालुक्यातली एकमेव पारलिंगी (ट्रान्सजेंडर) रिक्षाचालक’ असं लिहिल्यावर टोपणनावाला अर्थ उरत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करत असाल तर आपोआप होणारा क्लाउड बॅकअप आधी बंद करा. खरी नावं-टोपणनावांची यादी लॅपटॉपवर नको, कागदावर आणि वेगळ्या जागी.

‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचनही देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. हे मुलाखत सुरू होण्याआधी सांगा, मध्येच नव्हे.

प्रश्न : बाळंतपणामुळे मुदत संपते की काय अशी भीती वाटते. (नाशिक)

उत्तर : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला प्रवेशापासून किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळतात, स्त्रियांना त्यावर २ वर्षांची सवलत, म्हणजे एकूण १० पर्यंत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा आहे. पुनर्नोंदणीचा अर्ज सहावं वर्ष संपण्याआधी द्या आणि पोचपावती जपून ठेवा.