मुंबई ते गोवा किनाऱ्याने सर्फिंग आणि कॅम्पिंग करत जायचंय. कधी निघावं, कुठे थांबावं?

बोर्ड गाडीच्या टपावर बांधायचा, सागरी महामार्ग धरायचा आणि रात्री तंबूत झोपायचं, असा तुमचा बेत दिसतो. महिना कोणता आणि मुक्काम कुठे, हे तुम्ही विचारलंय. त्याआधी कोकणच्या समुद्राचा स्वभाव सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. लाटा खऱ्या मोठ्या असतात तेव्हा पाण्यात उतरायची सोय नसते, आणि उतरता येतं तेव्हा समुद्र बहुतेक वेळा निपचित पडलेला असतो. या दोन्हींच्या मधले थोडे आठवडे तेवढे आपले.

जून ते सप्टेंबर विसरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, आणि जुने कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारी माणसं थांबतात, तिथे आपण फोमचा बोर्ड घेऊन काय दिवे लावणार? डिसेंबर-जानेवारीत तंबूत झोप फर्स्टक्लास लागते, पण लाट गुडघ्याएवढी. उरला दसऱ्यानंतरचा ऑक्टोबर, आणि एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचे पहिले आठ-दहा दिवस.

मी दुसरा काळ निवडेन. त्या सुमारास पार दक्षिणेकडच्या महासागरात थंडीतली वादळं सुरू होतात. त्यांनी उठवलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर कापून नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. म्हणून इथे पानही हलत नसताना पाणी मात्र शिस्तीत उचलताना दिसतं. उकाडा भयंकर असतो, ते मान्य. पण मेच्या मध्यावर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं सुरू झाली की तुम्हीही तंबू गुंडाळा. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यालाच किनाऱ्याला घासून गेलं, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. निघण्याआधी आणि वाटेतही हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघत जा. लांबून येणाऱ्या लाटांचा इशारा ते वेगळा देतात, त्या दिवशी आभाळ निरभ्र असलं तरी पाण्यात जायचं नाही.

आता कुठे. रायगड जिल्ह्यात सर्फिंगसाठी वेळ घालवू नका. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ जवळजवळ ३०० किलोमीटर आतपर्यंत पसरलाय, त्यावरून येता येता लाटेचा बराच जोर घासून जातो. दक्षिणेकडे हा पट्टा अरुंद होत जातो, पाणी निवळतं आणि लाटेत जीव येतो. त्यामुळे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या जंगलजेट्ट्यांवरून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींवरून, गाडी पार करत, मासे खात, रत्नागिरीपर्यंतचा टप्पा निव्वळ प्रवास म्हणून करा. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसलं की दीड तास धरायचा, मध्ये फेरीची वाट बघणं आलं तर आणखी. गणपतीपुळे आणि आरे-वारेला फोटो काढा, पण पाण्यात शिरू नका. तिथे पोहताना माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

खरी सहल देवगडच्या खाली सुरू होते. कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग हा सलग पट्टा मला सगळ्यात आवडतो. किनारा उघडा आणि लांब, आठवड्याच्या मधल्या दिवशी माणूस दिसत नाही. पुढे तोंडवळी-तळाशील: एका अंगाला खाडी, दुसऱ्याला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर वस्ती. तारकर्ली टाळा. जेट स्की आणि बनाना बोटींच्या गर्दीत बोर्ड घेऊन उतरणं म्हणजे एस्टी स्टँडवर पतंग उडवणं. समोरच्या भोगव्याला जा. मध्ये फक्त कर्ली खाडी आहे, पण गाडीने मोठा वळसा पडतो. शेवटी वेंगुर्ल्याचा सागरेश्वर आणि शिरोड्याचा वेळागर. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं ते हेच. पुढे रेडी, मग गोवा.

वेळेबद्दल: सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ना, ते इथे कामाला येतात. पहाटे वारा जमिनीकडून वाहतो, लाटेचं तोंड गुळगुळीत राहतं. उन्हं तापली की खारा वारा सुटतो आणि सगळं पाणी विस्कटतं. दुपारी बोर्ड सावलीत ठेवून झोपा काढा.

भरतीसाठी ॲप आहेतच, पण रेंज जाते तेव्हा कोळ्यांचा हिशोब वापरा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण अंदाज चुकत नाही. शिकाऊ माणसाला पाणी चढत असताना बरं पडतं, म्हणून मी बेत त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंत बसवतो, पौर्णिमा असो की अमावास्या. म्हणजे सकाळचे सगळे तास चढत्या पाण्यात जातात. एक सांभाळा: हेच उधाणाचे दिवस, तेव्हा खाडीच्या मुखाजवळ ओहोटीची ओढ जबरदस्त असते. तळाशील, देवबाग, भोगव्याच्या टोकाला बोर्ड नेऊच नका, खाडीपासून चांगलं लांब उतरा. ओढीत सापडलातच तर तिच्याविरुद्ध हात मारू नका. किनाऱ्याला समांतर सरका, आणि काही झालं तरी बोर्ड सोडू नका.

उतरण्याआधी कुणाला तरी विचारा, रापण लागली आहे का. मालवण-वेंगुर्ल्याकडे सकाळच्या वेळी होडीने जाळं अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. त्या वेढ्यात बोर्ड घालणं हा शुद्ध उद्धटपणा. उलट दोराला हात लावा, ओढायला माणसं नेहमीच कमी पडतात. रात्रीच्या जेवणाचं बघायला नको.

तंबू थेट पुळणीवर लावायच्या फंदात पडू नका. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं मे उजाडेपर्यंत बाहेर पडत असतात, आणि बॅटरीच्या उजेडाने ती भलतीकडे भरकटतात. गाडी वाळूत घालायची नाही हे वेगळं सांगायला नको. किनाऱ्यालगतच्या वाडीत मालकाला विचारा. आमच्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं: “वाळूत कित्याक निजतास? घरात खोली आसा.” तंबूचाच हट्ट असेल तर अंगणात जागा, विहीर आणि संडास मिळतो, पैसे आधी ठरवा. माडाखाली तंबू लावू नका, नारळ आणि झावळ्या वेळ बघून पडत नाहीत. सुरूच्या बनात सावली छान, पण वाळक्या सुयांचा थर काडीसरशी पेटतो. चूल नाही, शेकोटी नाही. आणि पाणी जपून वापरा. एवढा पाऊस पडूनही जांभा पाणी धरत नाही, मेमध्ये कित्येक वाड्या टँकरवर असतात. मीठ धुवायला बादलीभर पुरे.

बाकी किरकोळ. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बाजूला होतं. काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. मे महिन्यात वाळूवर डांबराचे गोळे येतात, ते पायाला आणि बोर्डाला चिकटले की खोबरेल तेलाने निघतात. बोर्डावर पाय घसरू नये म्हणून चोळायचं वॅक्स मुंबईहूनच न्या, इकडे कुठे मिळणार नाही.

आणि बोर्डावर अजून एकदाही उभे राहिला नसाल, तर क्रम उलटा करा. आधी गोव्यात अश्वे-मोरजीला चार दिवस शिका, किंवा वेळ असेल तर कर्नाटकात मुल्कीपर्यंत जा. तिथून जवळच ससिहित्लूला देशपातळीवरच्या स्पर्धा होतात. मग परतताना वेळागरपासून वर या. भाड्याचा बोर्डही तिकडूनच आणता येतो का, ते शिकवणाऱ्यालाच विचारून घ्या.