वारली चित्रं विकणाऱ्या आमच्या गटाने परदेशातल्या आदिवासी कलासंस्थांकडून काय घ्यावं?

सगळ्यात आधी नोंदी ठेवायची शिस्त घ्या. ऑस्ट्रेलियातली ‘पापुन्या तुला’ ही चित्रकारांची कंपनी १९७२ पासून चालू आहे आणि तिची मालकी आदिवासींचीच आहे. तिथे कॅनव्हासच्या मागे चित्रकाराचं नाव, माप आणि क्रमांक लिहितात. चित्र पुढे कितीही जणांकडे गेलं तरी कुणाचं ते कळतं. २०१० पासून त्या देशात ठरावीक पुनर्विक्रीवर चित्रकाराला ५ टक्के मिळतात; अशा नोंदी तिथे कामी येतात. वारलीला भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे, पण ते कलेला. चित्रकार मात्र निनावीच राहतो, हे मला फार खटकतं. तुम्ही प्रत्येक चित्रामागे नाव, गाव, तारीख घाला, फोटो काढून ठेवा आणि विक्रीची किंमत वहीत टिपा.