खुल्या कारागृहांचा कैद्यांच्या पुनर्वसनासाठी आणखी चांगला उपयोग कसा करता येईल?

मी वकील आहे. कैद्यांचे संचित रजेचे (फर्लो), अभिवचन रजेचे (पॅरोल) अर्ज चालवता चालवता या विषयात पडलो. माझं मत विचाराल तर खुल्या कारागृहात, म्हणजे कमी पहाऱ्याच्या आणि कैद्यावर विश्वास ठेवून चालणाऱ्या तुरुंगात, राहताना कैद्याला बाजारभावानं कमावता आलं पाहिजे आणि बायकापोरं सोबत ठेवता आली पाहिजेत. बाकीचं दुय्यम.

आपल्याकडे पैठण, मोर्शी, येरवडा इथं खुली कारागृहं आहेत. वर्तन चांगलं असलेल्या शिक्षाबंद्यांना, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांना, तिथं पाठवतात, माफीही (शिक्षेच्या मुदतीत सूट) चांगली मिळते. पण काम बहुतेक शेतीचं, मजुरी सरकारी दराची. सुटल्यावर हाच माणूस भिवंडीत नाहीतर चाकणला काम शोधत फिरतो. ड्रायव्हर असेल तर लायसन्सची मुदत कधीच संपलेली असते. ते खुल्या कारागृहात असतानाच नवं करून द्यायला काय हरकत आहे?

जयपूरजवळचं सांगानेरचं खुलं शिबिर १९६३ पासून चालू आहे. तिथं एक-तृतीयांश शिक्षा भोगलेला कैदी जाऊ शकतो आणि कुटुंबासह राहतो. सरकार जेवण देत नाही, विजेचं बिलही ज्याचं त्यानं भरायचं. सकाळची हजेरी झाली की कुणी रिक्षा काढतो, कुणी दुकानात कामाला जातो, कुणी वॉचमनच्या ड्युटीवर. संध्याकाळी परत हजेरी. ती घ्यायला कैद्यांचीच बंदी पंचायत. पळून जातील अशी भीती सगळ्यांना वाटते, पण ज्याची पोरं तिथंच शाळेत जातात तो पळून जाणार कुठं? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शिबिराची जागा कमी करू नका असं बजावलं, ते उगाच नाही.

आणि कुटुंबासह वसाहत ही काही परक्या मुलखातली गोष्ट नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत औंध संस्थानानं १९३९ मध्येच वसवली. आपण ते एकावरच थांबवलं, हे मला तरी अनाकलनीय आहे.

तुरुंगातली गर्दी यानं हटेल असं मात्र कुणी समजू नये. देशातले साधारण तीन-चतुर्थांश कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून चालू आहे; त्यांचा इथं संबंधच येत नाही.

सुरुवात करायची तर मी येरवड्यापासून करीन. फाटकाबाहेर पुणं आहे, कामाला तोटा नाही. पगार थेट कैद्याच्या बँक खात्यात, त्यातला ठरावीक वाटा पीडिताच्या घरी. वारंवार हजेरी चुकवली तर परत बंद बराकीत.