चार मोबाइलवरून कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराचं न टिपलेल्या कोनातलं दृश्य बनवता येईल का?

येईल, पण नुसत्या चार फोटोंवर भागणार नाही. चौघांनी मोबाइल हळूहळू फिरवत दीडदोनशे फोटो काढा, शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सारखा येऊ द्या. त्या सारख्या खुणांवरूनच कॅमेरा कुठे होता हे संगणक शोधतो. मग 2023 मध्ये आलेली गाउसियन स्प्लॅटिंग पद्धत लाखो अर्धपारदर्शक रंगीत ठिपके मांडून दृश्य उभं करते. न्यूरल नेटवर्कला दृश्य शिकवणाऱ्या 2020 च्या नर्फ (NeRF) पद्धतीपेक्षा ती खूप वेगाने चित्र दाखवते.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या या बस्तीत खरी कसोटी गुळगुळीत खांबांची. तुम्ही एक पाऊल सरकलात की त्यांवरची चकाकीही सरकते, आणि संगणकाला तो दगडच हलल्यासारखा वाटतो. म्हणून ढगाळ सकाळ गाठा, फ्लॅश बंद ठेवा, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा. (आधी परवानगी विचारून घ्या.)

छतातल्या कमळासाठी खाली बसून, अगदी कडेने तिरके फोटो घ्याच. पाकळीची जी बाजू कुणीच टिपली नाही, तिथे भोक तरी पडतं नाहीतर धूसर डाग. एआयने ती जागा भरता येते, पण 1204 सालच्या कोरीव कामावर असं ठिगळ मला मुळीच चालणार नाही. तिथे पुन्हा जाऊन फोटो काढा.