टीसी काढायच्या आधी वाच

अगं,

काल ठाण्याला दहा नंबरवर तू भेटलीस तेव्हा पनवेल लोकल लागलेली, तू अर्धं बोलून गाडीत घुसलीस, मला शेवटचं एवढंच ऐकू आलं की "काका, ते म्हणाले सगळं होऊन जाईल". त्या एका वाक्यानं रात्री झोप नाही लागली मला. कोल्हापुरात बीकॉमचं पहिलं वर्ष करून तू इकडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला यायचं म्हणतेस, त्याबद्दल लिहितोय. लांबेल जरा, पण टीसीचा, म्हणजे जुनं कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा, अर्ज टाकायच्या आधी पूर्ण वाच.

कोण म्हणालं होऊन जाईल? त्या माणसाचा हुद्दा काय? सही कुठाय? आवक नंबर पडलाय का कशावर? काहीच नाही ना. मग ते काही झालेलं नाही, एवढं धरून चाल.

तुझं म्हणणं की एबीसी, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, आयडी काढलाय, डिजिलॉकरमध्ये पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट दिसतायत, मग ते आपोआप इकडे येणारच. हाच घोटाळा सगळ्यांचा होतो. ही बँक २०२१ साली यूजीसीनं आणली ती चांगलीच गोष्ट आहे, आमच्या वेळी असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण ती तुझं पासबुक आहे गं. तू काय कमावलंस ते त्यात दिसतं, तेही तुझं जुनं कॉलेज-विद्यापीठ भरेल तेव्हा, तुला स्वतःला त्यात एक क्रेडिट टाकता येत नाही. आणि समोरचं विद्यापीठ त्यातलं किती, कुठल्या पेपरच्या बदल्यात धरणार हे ते ठरवतं, आयडी नाही ठरवत. ते त्यांनी ठरवलेलं कागदावर घे. लेखी घे.

आता तुझ्या मार्कशीटकडे नीट बघ. मेजरचं, म्हणजे मुख्य विषयाचं, मला फारसं टेन्शन नाही, बीकॉमचं अकाउंट्स कोल्हापुरात काय नि ठाण्यात काय. अडतं ते खालच्या लहान लहान पेपरांत. मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय, ते व्हीएससी, एसईसी हे कौशल्याचे पेपर, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा. यांतले बरेचसे पेपर प्रत्येक ठिकाणी आपापल्या सोयीनं ठेवलेत, तू तिकडे घेतलेला मायनर या कॉलेजात नसलाच तर पुढे काय, हे विचारलंस का? मार्कशीटवर नुसतं '२ क्रेडिट' लिहिलेलं असतं. म्हणजे थिअरीचे ३० तास. त्या ३० तासांत काय शिकवलं ते सिलॅबसमध्ये असतं, म्हणून सिलॅबसची कॉपी पाहिजे, जुन्या कॉलेजचा शिक्का आणि प्राचार्यांची सही असलेली, दोन्ही सेमिस्टरची, सगळ्या पेपरांची. वेबसाइटवरची पीडीएफ दाखवीन म्हणू नकोस. शिक्का पाहिजे.

आणि एक, "जमलं नाही तर पुढच्या वर्षी बघू" असं म्हणालीस ना, ते डोक्यातून काढ. ज्या विद्यापीठाची डिग्री घ्यायची तिथे निदान निम्मे क्रेडिट कमवायचे असं त्या २०२१ च्या नियमातच आहे. सेमिस्टरला २२ धरले तर तीन वर्षांचे १३२. आत्ता ४४ घेऊन आलीस तर ८८ इकडे होतात, प्रश्नच नाही. पुढच्या वर्षी ८८ घेऊन येशील तेव्हा इकडे उरतील ४४, म्हणजे निम्म्याच्याही खाली. यायचं तर आत्ताच यायचं, पण घाई करून नाही. लेखी घेऊन.

मी एवढा का तापतोय ते ऐक. १९९४ मध्ये मी असाच बीएस्सीचं एक वर्ष करून एका विद्यापीठातून दुसरीकडे आलो. ऑफिसातल्या साहेबांनी मार्कशीट उलटसुलट बघितली आणि म्हणाले, बस वर्गात, एलिजिबिलिटी, म्हणजे विद्यापीठाची प्रवेशाला मंजुरी, येईल मागनं. मी बसलो. टीसी दिलेला, विद्यापीठ बदलायचं मायग्रेशन सर्टिफिकेट दिलेलं, तिकडची जागा गेलेली. नोव्हेंबरात पत्र आलं की एक पेपर जुळत नाही, पहिलं वर्ष परत करा. साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, मी असं कधी बोललो? आणि माझ्याकडे दाखवायला चिटोरंसुद्धा नव्हतं.

मी परत बसायला नाही म्हणालो. अर्ज केले, खेपा घातल्या, त्यात दोन वर्षं गेली. भाऊ अजून म्हणतो की गुपचूप बसला असतास तर एकच गेलं असतं. हिशेबानं त्याचं बरोबर आहे. पण जो पेपर मी ६८ मार्कांनी पास झालो तो पुन्हा कशासाठी द्यायचा, हे मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही आणि आजही सांगत नाही. मी चुकलो नव्हतो. शेवटी तो पेपर धरला त्यांनी, धरावाच लागला. बाबा रिटायर व्हायच्या आत माझी डिग्री व्हावी एवढंच त्यांना वाटायचं, ते मात्र राहून गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आधी एक अर्ज देऊन पोच घेतली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

तर कॉलेजात जाऊन गोड बोलून अर्ज दे, दोन कॉपी, एकीवर पोच घे. अर्जात सरळ विचार, माझे कुठले पेपर धरणार, कुठले परत द्यावे लागतील, मायनर कुठला मिळेल. उत्तर आल्याशिवाय टीसीला हात लावायचा नाही. ते वैतागतील, "एवढं कुणी विचारत नाही" म्हणतील, तू लाजून परत येशील, मला माहितीय तुझा स्वभाव. लाजू नकोस. त्यांच्यासाठी तो एक फॉर्म आहे, तुझं वर्ष आहे. आणि एटीकेटी असेल एखादी तर ती लपवू नको, जो पेपर सुटलाच नाही त्याचे क्रेडिट कुठून येणार?

सिलॅबसचं काम मात्र आजच लाव. मामा कोल्हापुरातच आहेत ना? त्यांना रात्री फोन कर, नाहीतर नंबर दे, मी करतो. शनिवारी ऐरोलीहून येशील तेव्हा कळव्याला घरी ये, मार्कशीट आण, अर्ज मी लिहून ठेवतो, तू फक्त पेपरांची नावं बरोबर आहेत का ते बघ.

काका